भौतिकी आणि खगोलशास्त्राच्या संज्ञा इंग्रजीतून ग्रीकमध्ये कशा न्याव्यात

इंग्रजी विज्ञानाचं कुठलंही पुस्तक उघडलं की पानोपानी ग्रीक धातू भेटतात. इलेक्ट्रॉन, फोटॉन, कायनेटिक, गॅलेक्सी, पेरिहेलियन. त्यामुळे या संज्ञा ग्रीकमध्ये नेणं म्हणजे लेकीला माहेरी पोचवण्याइतकं सोपं काम वाटतं. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त चुका याच समजुतीतून होतात. आजची ग्रीक ही शाळेत शिकवली जाणारी, प्रयोगशाळेत बोलली जाणारी जिवंत भाषा आहे, आणि तिनं आपल्या संज्ञा आपल्या पद्धतीनं ठरवलेल्या आहेत. इंग्रजीनं उसना नेलेला शब्द परत येईपर्यंत त्याचा अर्थ बदललेला असतो, किंवा घरात त्या कामाला दुसराच शब्द रुळलेला असतो. म्हणून एकच कसोटी धरून चालायचं: अथेन्समधली दहावी-बारावीची मुलगी या कल्पनेला वहीत काय लिहिते? खालच्या सगळ्या पायऱ्या या कसोटीवर उभ्या आहेत.

आधुनिक ग्रीक शिकणारे मराठी वाचक, शास्त्रीय मजकुराचे अनुवादक आणि ग्रीसमध्ये शिकायला जाणारे भौतिकीचे विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे. ग्रीकची अक्षरओळख आणि थोडं व्याकरण झालं आहे असं गृहीत धरतो.

लिपीबद्दल आधी थोडं

इथे ग्रीक शब्द आजच्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. बीटा या अक्षराचा उच्चार आज 'व' होतो. 'ब' हवा असेल तर ग्रीक लोक म्यू आणि पाय ही दोन अक्षरं जोडून लिहितात. गामा हे अक्षर 'ए' आणि 'ई' या स्वरांच्या आधी 'य'सारखं उच्चारतात. जुन्या ग्रीकमधला शब्दारंभीचा 'ह' आता उच्चारात उरलेला नाही. आणि 'ई' हा एकच ध्वनी ईटा, योटा, इप्सिलोन आणि काही जोडस्वर अशा अनेक प्रकारे लिहिला जातो. याचा व्यवहारातला अर्थ असा, की कानानं ऐकून ग्रीक संज्ञेचं स्पेलिंग कधीही लिहू नये. ते छापील ग्रीक मजकुरातूनच उचलायचं.

पहिली पायरी: शब्द बाजूला ठेवा, राशी ओळखा

वहीत किंवा एक्सेलमध्ये पाच रकाने करा: इंग्रजी संज्ञा, ती काय आहे (राशी, घटना की वस्तू), एकक, चिन्ह, आणि मराठी संज्ञा. मराठीचा रकाना फाजील वाटेल, पण तो ठेवाच. आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या संज्ञा बहुतेक कल्पनेवरून घडवलेल्या आहेत. संवेग, जडत्व, वारंवारता हे शब्द तुम्हाला चटकन सुचले, तर इंग्रजी शब्दामागची कल्पना तुमच्या हातात आहे. सुचले नाहीत, तर ग्रीक कोशाला हात लावण्याआधी भौतिकीचं पुस्तक वाचायला हवं.

या तक्त्याचा उपयोग 'टेन्शन', 'स्ट्रेस' आणि 'व्होल्टेज' या त्रिकुटावर पाहा. इंग्रजीत तीन वेगळे शब्द, आणि एककंही वेगळी: न्यूटन, पास्कल, व्होल्ट. ग्रीकमध्ये तिन्हींना 'तासी' म्हणतात. घोटाळा होत नाही, कारण विशेषण सोबत येतं. इलेक्त्रिकी तासी म्हणजे विद्युत विभवांतर, मिखानिकी तासी म्हणजे यांत्रिक ताण, आणि एपिफानिआकी तासी म्हणजे पृष्ठताण. एककाचा रकाना भरलेला असेल तर कुठे विशेषण लावायचं ते आपोआप कळतं.

उलट दिशेचं उदाहरण 'मोमेंटम' आणि 'मोमेंट' यांचं. इंग्रजीत दोन्ही एकाच मुळातून आलेले दिसतात, ग्रीकमध्ये त्यांचा काहीही संबंध नाही. संवेग म्हणजे ओर्मी. बलाचं आघूर्ण म्हणजे रोपी, आणि जडत्व आघूर्ण म्हणजे रोपी आद्रानिआस. कोनीय संवेगासाठी मात्र एक देखणा जोडशब्द आहे: स्त्रोफोर्मी, म्हणजे फिरण्याची ओर्मी. सामान्य कोशात 'मोमेंट' शोधलात तर 'स्तिग्मी' हा शब्द मिळेल. त्याचा अर्थ क्षण. तो भौतिकीच्या वाक्यात आघूर्णाच्या जागी गेला की वाक्य संपलंच.

'स्पेस' या शब्दावर थोडं थांबायला हवं. मराठीत आपण अवकाशयानही म्हणतो आणि अवकाश-कालही. ग्रीकमध्ये फाटा फुटतो. भूमितीतलं, भौतिकीतलं अवकाश म्हणजे खोरोस. पृथ्वीच्या वातावरणापलीकडचं अंतराळ म्हणजे दिआस्तिमा. म्हणून सापेक्षतेतला अवकाश-काल 'खोरोख्रोनोस', पण अंतराळयान 'दिआस्तिमोप्लिओ'. त्यातही दिआस्तिमा हा शब्द गणितात अंतरालासाठी आणि शालेय गतिशास्त्रात कापलेल्या अंतरासाठीही येतो. तेव्हा संदर्भ पाहिल्याशिवाय 'स्पेस' हा शब्द तक्त्यात एका ओळीत बसवू नका. दोन ओळी करा.

वेग आणि चाल यांत मराठी फरक करते, इंग्रजीही करते. ग्रीक पुस्तकं दोन्हींना 'ताखीतिता' म्हणतात. फक्त परिमाण हवं असेल तेव्हा 'मेत्रो तिस ताखीतितास', म्हणजे वेगाचं परिमाण, असं लिहितात. यातला 'मेत्रो' हा शब्द मीटर या एककासाठीही आहे, पण वाक्यात गोंधळ होत नाही.

दुसरी पायरी: कुठे शोधायचं, आणि कोणत्या क्रमानं

सुरुवात सामान्य इंग्रजी-ग्रीक कोशापासून करू नका. सुरुवात ग्रीक शालेय पाठ्यपुस्तकांपासून करा. ग्रीसच्या शिक्षण मंत्रालयाची पाठ्यपुस्तकं 'प्सिफिआको स्खोलिओ' म्हणजे डिजिटल शाळा या उपक्रमात इंटरनेटवर मोफत आहेत. उच्च माध्यमिक शाळेला तिथे 'लीकिओ' म्हणतात. लीकिओच्या भौतिकीच्या पुस्तकात शब्द शोधायचा नाही, सूत्र शोधायचं. सूत्रांची चिन्हं बहुतांशी तीच असतात. बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण हे सूत्र सापडलं, की त्याच्या आजूबाजूच्या वाक्यांत दीनामी, माझा आणि एपिताखिन्सी हे तिन्ही शब्द योग्य विभक्तींसह मिळतात. कोशात शब्द मिळतो, पाठ्यपुस्तकात त्याचा संसार मिळतो. एक लक्षात ठेवा: वेगासाठी ग्रीक पुस्तकं बरेचदा लॅटिन 'व्ही'ऐवजी इप्सिलोन वापरतात. दोन्ही अक्षरं दिसायला जवळची आहेत.

शालेय पातळीच्या वरच्या संज्ञांसाठी विद्यापीठांची पुस्तकं. क्रीट विद्यापीठाच्या प्रकाशनानं भौतिकीत मोठं काम केलेलं आहे. पुंजभौतिकी, सापेक्षता, सांख्यिकीय भौतिकी यांच्या संज्ञा तिथे पारखून घ्याव्यात. कणभौतिकीत तर ग्रीक संज्ञा चांगल्याच मुरलेल्या आहेत. ग्रीस हा १९५४ पासून सर्न या युरोपीय कणभौतिकी संस्थेच्या बारा संस्थापक देशांपैकी एक आहे. खगोलशास्त्रासाठी १८४२ साली स्थापन झालेल्या अथेन्सच्या राष्ट्रीय वेधशाळेची निवेदनं वाचा. पेलोपोनीसमधल्या हेल्मोस पर्वतावर त्यांची २.३ मीटर व्यासाची 'अरिस्तार्खोस' दुर्बीण आहे. अशा संस्थांचा मजकूर ग्रीक शास्त्रज्ञांनी ग्रीक वाचकांसाठी लिहिलेला असतो, आणि आपल्याला नेमका तोच हवा.

त्यानंतर युरोपीय संघाचा 'इयाते' हा संज्ञाकोश. प्रत्येक नोंदीला विषय आणि विश्वासार्हतेची श्रेणी दिलेली असते, ती न बघता शब्द उचलू नका. 'एलेतो' ही ग्रीक परिभाषा संस्था आणि 'एलोत' ही मानकसंस्था यांचं काम तांत्रिक शब्दांसाठी उपयोगी पडतं. विकिपीडियाचा दुवा सगळ्यात शेवटी, आणि तोही फक्त धागा म्हणून. इंग्रजी लेखावरून ग्रीक लेखाच्या शीर्षकावर उडी मारता येते हे खरं, पण तो लेख इंग्रजीवरूनच उतरवलेला असू शकतो. माझा नियम साधा आहे: मुळात ग्रीकमध्ये लिहिलेल्या, एकमेकांवर न बेतलेल्या दोन ठिकाणी संज्ञा सापडली तरच ती तक्त्यात पक्की करायची.

जुन्या स्कॅन केलेल्या पुस्तकांपासून सावध राहा. १९७६ मध्ये शिक्षणात, आणि लगोलग राज्यकारभारात, बोलीवर आधारलेली 'दिमोतिकी' अधिकृत झाली. त्याआधीची शास्त्रीय पुस्तकं 'काथारेवूसा' या जुन्या वळणाच्या भाषेत आहेत. तिथे ताखीतिस, थेर्मोतिस अशी रूपं दिसतील. आज ती ताखीतिता, थेर्मोतिता अशी लिहायची.

तिसरी पायरी: ओळखीच्या चेहऱ्यांवर विश्वास ठेवू नका

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यावा, कारण इथे चूक झालेली कळतही नाही. शब्द ग्रीक, वाक्य ग्रीक, व्याकरण शुद्ध, आणि भौतिकी चुकीची.

'डायनॅमिक'पासून सुरुवात करू. मूळ शब्द दीनामी, म्हणजे बल. त्यामुळे 'दिनामिकी एनेर्यिआ' हा शब्दप्रयोग वाचल्यावर इंग्रजीची सवय असलेला माणूस हालचालीची ऊर्जा समजतो. ती आहे स्थितिज ऊर्जा! गतिज ऊर्जा म्हणजे किनितिकी एनेर्यिआ. तसंच 'दिनामिको' म्हणजे विभव, इंग्रजीतलं पोटेन्शियल. आणि इंग्रजी 'पॉवर'साठी दीनामी वापरायचा मोह होतो, कारण बोलताना शक्ती म्हणूनही तो शब्द चालतो. भौतिकीत वॅटमध्ये मोजायची शक्ती म्हणजे 'इस्खीस'.

खगोलशास्त्रात 'ॲस्टेरिझम'. इंग्रजीत हा शब्द सप्तर्षीसारख्या, अधिकृत यादीत नसलेल्या आकृतीसाठी आहे. सप्तर्षी हा मोठ्या अस्वलाच्या तारकासमूहाचा एक भाग. ग्रीक 'आस्तेरिझ्मोस' म्हणजे मात्र पूर्ण, अधिकृत तारकासमूह, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानं मान्य केलेल्या ८८ पैकी एक. इंग्रजी मजकुरात दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात आले, तर 'कॉन्स्टेलेशन'ला आस्तेरिझ्मोस द्या आणि 'ॲस्टेरिझम'ला वर्णनानं सांगा: ताऱ्यांची ओळखीची आकृती.

'कॉसमॉस' हे विश्व. पण 'कोझ्मोस' म्हणजे रोजच्या ग्रीकमध्ये जग आणि माणसंसुद्धा. चौकात खूप कोझ्मोस होता, म्हणजे खूप गर्दी होती. विश्वासाठी शास्त्रीय शब्द 'सिम्बान'. विश्वशास्त्र मात्र कोझ्मोलोयीआच आहे, आणि वैश्विक किरणांच्या नावातही हेच मूळ आहे. 'आतोमो' म्हणजे अणू, आणि व्यक्तीसुद्धा. हे संदर्भानं निभावतं, पण शीर्षकात किंवा चित्राखालच्या एका ओळीत वापरताना पाहून घ्या.

'मेयेथोस' हा शब्द तर दोन शाखांच्या सीमेवर उभा आहे. भौतिकीत 'फिसिको मेयेथोस' म्हणजे भौतिक राशी. खगोलशास्त्रात मेयेथोस म्हणजे ताऱ्याची प्रत, त्याच्या तेजाचं माप. दृश्य प्रतीला 'फेनोमेनो मेयेथोस' म्हणतात. इथे फेनोमेनो हे 'दिसणारं' या अर्थाचं विशेषण आहे, 'घटना' हे नाम नव्हे. ताऱ्यांच्या प्रतींची कल्पना प्राचीन ग्रीक खगोलशास्त्रातूनच आली, त्यामुळे हा शब्द ग्रीकमध्ये तरी खऱ्या अर्थानं घरचाच आहे.

आता एक जागा अगदी जवळून पाहू. ग्रीकमध्ये सूर्य म्हणजे 'ईलिओस', पुल्लिंगी. हेलियम म्हणजे 'ईलिओ', नपुंसकलिंगी. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेननं गुंटूरहून पाहिलं. त्याच वर्षी सूर्याच्या वर्णपटात दिसलेल्या पिवळ्या रेषेवरून या मूलद्रव्याला सूर्याचं नाव मिळालं. नावं जवळची असणं समजण्यासारखं आहे. अडचण षष्ठीत येते: दोन्हींची षष्ठी 'इलीऊ' होऊ शकते. त्यात अणूचं केंद्रक आणि ताऱ्याचा गाभा, इंग्रजीतले न्यूक्लियस आणि कोअर, या दोन्हींना ग्रीकमध्ये एकच शब्द आहे: 'पिरीनास', मूळ अर्थ फळाची आठळी. म्हणजे 'पिरीनास इलीऊ' हे हेलियमचं केंद्रक, आणि 'पिरीनास तू इलीऊ' हा सूर्याचा गाभा. मध्ये फक्त एक उपपद. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनपासून हेलियमची केंद्रकं तयार होतात, हे साधं वाक्य ग्रीकमध्ये नीट लिहायचं तर चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. सूर्याला मोठं आद्याक्षर द्या. सूर्यासोबत उपपद ठेवा. हेलियमसोबत ते गाळा आणि केंद्रकं अनेकवचनात लिहा. शक्य तिथे सूर्याची षष्ठी 'ईलिऊ' अशी, आघात पहिल्या अक्षरावर ठेवून, करा. मग वाचणाऱ्याला क्षणभरही अडखळावं लागत नाही.

चौथी पायरी: सुटा शब्द नको, कुटुंब घ्या

ग्रीक संज्ञा उपसर्गांनी बांधलेल्या असतात, आणि संस्कृतवर पोसलेल्या मराठी वाचकाला हे चटकन समजतं. आपल्याकडे परावर्तन, अपवर्तन, विवर्तन हे एकाच धातूला तीन उपसर्ग लागून झालेले शब्द आहेत. ग्रीकमध्ये अपवर्तन म्हणजे दिआथ्लासी आणि विवर्तन म्हणजे पेरीथ्लासी. 'थ्लासी' म्हणजे मोडणं. 'दिआ' आरपार, 'पेरी' भोवती. परावर्तन मात्र आनाक्लासी, वेगळ्या धातूचं. प्रकाशाचं विकिरण स्केदासी, व्यतिकरण सिम्वोली. पाचही एकत्र शिका. एकेकटे शिकलात तर दिआथ्लासी आणि पेरीथ्लासी यांची अदलाबदल होणार हे ठरलेलं.

विद्युतवाहकांचं कुटुंब याहून सोपं आहे: आगोगोस म्हणजे वाहक, इमिआगोगोस अर्धवाहक, इपेरागोगोस अतिवाहक. मराठीतही अगदी हीच रचना. गुणवाचक राशींच्या शेवटी '-तिता' येतो: पिक्नोतिता म्हणजे घनता, सिख्नोतिता वारंवारता, स्खेतिकोतिता सापेक्षता. आपला '-ता' आणि हा प्रत्यय भाषाशास्त्राच्या दृष्टीनं एकाच वंशातले आहेत. नवी संज्ञा वाचताना शेवटी '-तिता' दिसला की ती राशी किंवा गुणधर्म आहे, असं धरून पुढे जाता येतं.

कणांच्या नावांचा नियमही पाठ करून टाका. इंग्रजीतल्या 'ऑन'चा ग्रीकमध्ये '-ओनिओ' होतो आणि शब्द नपुंसकलिंगी होतो: इलेक्त्रोनिओ, प्रोतोनिओ, फोतोनिओ, लेप्तोनिओ. न्यूट्रॉन नेत्रोनिओ होतो. हॅड्रॉनचा 'ह' गळून आद्रोनिओ उरतो. बोसॉन हा शब्द सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून आलेला, त्याचं रूप 'बोझोनिओ', आणि लिहिताना सुरुवातीला म्यू-पाय ही जोडी. न्यूट्रिनो नेत्रीनोच राहतो. क्वार्क कुआर्क होतो आणि त्याला विभक्ती लागत नाही.

एक मराठी धागाही इथे सांगण्यासारखा आहे. आपला 'केंद्र' हा शब्द प्राचीन काळी यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, ज्योतिषाबरोबर संस्कृतात आला, मूळ ग्रीक 'केन्त्रोन'. 'होरा'ही तसाच. आजच्या ग्रीकमध्ये त्या शब्दाचा उच्चार जवळजवळ 'केंद्रो' असाच होतो, आणि वस्तुमानकेंद्राला ग्रीक विद्यार्थी 'केंद्रो माझास' म्हणतात.

पाचवी पायरी: पोशाखी शब्द की घरगुती?

काथारेवूसाचं राज्य गेलं, तरी शास्त्रीय भाषेत तिचे शब्द टिकून आहेत. रंग पाहा. बाजारात लाल म्हणजे 'कोकिनो' आणि पांढरा म्हणजे 'आस्प्रो'. पण तांबडा राक्षसी तारा 'एरिथ्रोस यीगान्दास', आणि श्वेत बटू 'लेफ्कोस नानोस'. तिथे कोकिनोस किंवा आस्प्रोस लिहिलं तर लेख लहान मुलांसाठी लिहिल्यासारखा वाटतो. मंगळाला 'लाल ग्रह' म्हणताना मात्र कोकिनोस सर्रास चालतो, कारण ते टोपणनाव आहे. आरशाला घरात 'काथ्रेफ्तिस', दुर्बिणीत 'कातोप्त्रो'. वर्षासाठी बोलताना 'ख्रोनोस' हा शब्दही येतो. पण ख्रोनोस म्हणजे काळसुद्धा, म्हणून प्रकाशवर्षासाठी ग्रीकनं 'एतोस फोतोस' ठरवलं. अनेकवचन 'एती फोतोस', आणि षष्ठी 'एतोन फोतोस'.

यावरून 'शास्त्रीय म्हणजे नेहमी जुना शब्द' असा नियम काढू नका. कृष्णविवराला ग्रीक शास्त्रज्ञही 'माव्री त्रीपा' म्हणतात, म्हणजे शब्दशः काळं भोक, दोन्ही शब्द रस्त्यावरचे. 'मेलानी ओपी' असं भारदस्त रूप आहे, आणि ते काही ग्रंथांत भेटतं. मी लोकप्रिय लेखनात माव्री त्रीपाच वापरावं या मताचा आहे. ग्रंथ किंवा ग्राहक संस्था दुसरं रूप वापरत असेल, तर शेवटपर्यंत तेच ठेवा. एका मजकुरात दोन्ही मिसळणं हा खरा दोष. तसंच महानवताऱ्याचं: 'इपेरकेनोफानीस' म्हणजे अति-नव्यानं-दिसलेला, वर्तमानपत्रांत 'सूपेरनोवा'. अनिश्चिततेच्या तत्त्वासाठीही 'आवेवेओतिता' आणि 'आप्रोझ्दिओरिस्तीआ' असे दोन शब्द प्रचारात आहेत. निवड करा, तक्त्यात नोंदवा, पाळा.

सहावी पायरी: नामांची माळ सोडवा

इंग्रजी नामापुढे नाम ठेवत जाते. ग्रीकमध्ये त्या माळेचं तीनपैकी एक काहीतरी होतं. षष्ठी: न्यूट्रॉन स्टार हा 'आस्तेरास नेत्रोनीओन', न्यूट्रॉनांचा तारा. विशेषण: गुरुत्वीय भिंग हे 'वारितिकोस फाकोस'. किंवा जोडशब्द: तरंगफल हे 'किमातोसिनार्तिसी'. कुठे काय, हे तर्कानं ठरत नाही, प्रघातानं ठरतं. त्यामुळे माळ एक अखंड संज्ञा म्हणूनच शोधायची.

कधी निवडीवर अर्थच अवलंबून असतो. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-कालातल्या, त्या 'वारितिका कीमाता'. समुद्रात किंवा वातावरणात गुरुत्वामुळे उठणाऱ्या 'ग्रॅव्हिटी वेव्ह्ज' वेगळ्या. त्यांना षष्ठीनं 'कीमाता वारीतितास' म्हणावं. सैल लिखाणात हे दुसरं रूप पहिल्या अर्थानंही दिसतं, म्हणून काळजी घ्यायची.

एक पूर्ण वाक्य करून पाहू. इंग्रजी मजकूर सांगतो, की १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेल्या गुरुत्वीय लहरी सुमारे १.३ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून आल्या. (त्या लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेच्याच जातीची वेधशाळा, लायगो-इंडिया, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे, मराठी पत्रकारांना या संज्ञा पुढे वारंवार लागतील.) आधी संज्ञा बाहेर काढा: वारितिका कीमाता, सिंखोनेफ्सी, माव्री त्रीपा, एतोस फोतोस. मग विभक्ती. दोन कृष्णविवरांचं विलीनीकरण म्हणजे 'सिंखोनेफ्सी दीओ माव्रोन त्रिपोन', षष्ठी अनेकवचन. अंतर: 'से आपोस्तासी पेरीपू १,३ दिसेकातोमिरीओन एतोन फोतोस'. इथे दशांशाच्या जागी स्वल्पविराम आला. ग्रीकमध्ये दशांशचिन्ह स्वल्पविराम आहे आणि हजारांसाठी टिंब. म्हणजे इंग्रजीच्या बरोबर उलट, आणि भाषांतराच्या सॉफ्टवेअरमधून ही चूक हमखास निसटते. दिसेकातोमिरिओ म्हणजे आपला अब्ज, दहाचा नववा घात. तो इंग्रजी बिलियनशी जुळतो. लायगो हे नाव लॅटिन अक्षरांतच ठेवा.

सातवी पायरी: विशेषनामं

ग्रहांना रोमन नावं चालत नाहीत. बुध एर्मीस, शुक्र आफ्रोदीती, मंगळ आरिस, गुरू दीआस, शनी क्रोनोस, नेपच्यून पोसिदोनास. क्रोनोस कापा अक्षरानं आणि काळ या अर्थाचा ख्रोनोस खी अक्षरानं. एक अक्षर चुकलं तर शनीची कडी काळाला लागतात. ऊरानोस म्हणजे युरेनस आणि आकाशही, म्हणून ग्रहाला मोठं आद्याक्षर. लघुग्रह पट्ट्यातला सेरेस हा 'दीमित्रा'. गुरूचा चंद्र युरोपा आणि युरोप खंड या दोघांचं नाव 'एव्रोपी'. चंद्रांच्या यादीतून तो बाहेर आला की 'गुरूचा उपग्रह' असं सोबत लिहा. आपली आकाशगंगा म्हणजे मोठ्या आद्याक्षराचा 'गालाक्सीआस', आणि इतर दीर्घिकाही गालाक्सीआस. 'मिल्की वे गॅलेक्सी' शब्दशः लिहिता येत नाही. 'ओ गालाक्सीआस मास', आपली दीर्घिका, असं लिहितात.

यानांची नावं मात्र भाषांतरित करू नका. नासाच्या जूनो यानाचं नाव देवीच्या ग्रीक नावानं 'ईरा' केलंत, तर वाचक २०२४ साली निघालेल्या युरोपीय 'हेरा' मोहिमेकडे जाईल, कारण ते नाव खरोखरच ग्रीक देवीचं आहे. ही हेरा दिमोर्फोस नावाच्या ज्या लघुग्रहाच्या चंद्राकडे निघाली, त्याच्यावर २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं डार्ट यान आदळलं होतं. दिमोर्फोस, म्हणजे दोन रूपांचा, हे नाव थेसालोनीकीच्या ॲरिस्टॉटल विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ क्लेओमेनिस त्सिगानिस यांनी सुचवलं. असं नाव परत नेताना काहीच करावं लागत नाही.

माणसांच्या नावांत जुने लोक ग्रीक रूपात आणि नवे उच्चाराप्रमाणे. न्यूटन 'नेफ्तोनास', गॅलिलिओ 'गालिलेओस', पण आइन्स्टाइन 'आइन्स्ताइन'. न्यूटन हे एकक मात्र 'न्यूतोन'. माणूस आणि एकक यांची रूपं वेगळी आहेत हे विसरू नका. ग्रीकमध्ये 'च' आणि 'श' नाहीत, म्हणून चंद्रशेखर मर्यादेतले चंद्रशेखर 'त्सान्द्रासेकार' होतात. भारतीय नावं लिहिताना ग्रीक पुस्तकात रुळलेलं रूप असेल तर तेच घ्या. मूळ उच्चाराच्या जवळ जाणारं रूप आपण नव्यानं तयार केलं, तर वाचकाला ते शोधून सापडणार नाही.

शब्दच नसेल तर

नव्या शोधनिबंधांत अशी वेळ येते. आधी पाहा, ग्रीक शास्त्रज्ञ ती संज्ञा इंग्रजीतच वापरतात का. पल्सारला ते 'पाल्सार', क्वेसारला 'क्वाझार', लेझरला 'लेइझेर' म्हणतात, आणि कुणाची तक्रार नाही. तसं नसेल, तर आधीच्या कुटुंबातून घडवा: उपसर्ग तोच, प्रत्यय तोच, धातू ओळखीचा. पहिल्यांदा येईल तिथे मूळ इंग्रजी संज्ञा कंसात द्या. ग्रीक लेखकही हेच करतात. संज्ञा तुमची आहे, रुळलेली नाही, हे तक्त्यात वेगळ्या रंगानं दाखवा.

शेवटची तपासणी उलट्या दिशेनं करायची. ग्रीक मजकूर भौतिकी जाणणाऱ्या, पण मूळ इंग्रजी न पाहिलेल्या ग्रीक भाषकाला द्या, आणि प्रत्येक राशीपुढे तिचं एकक लिहायला सांगा. दिनामिकी एनेर्यिआपुढे जूल, इस्खीसपुढे वॅट, तासीपुढे व्होल्ट की पास्कल, हे त्यानं न विचारता लिहिलं तर मजकूर नीट उतरला आहे. जिथे त्याचा पेन थांबेल, तिथे तक्त्याच्या त्या ओळीवर परत जा, आणि पहिली पायरी पुन्हा करा.